सोलो, शंभर वॅट आणि तीन डेसिबल

गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर, बहुतेक वेळा पाठीमागे, एक छोटंसं बटण असतं. त्यावर '१०० / ५०' असं लिहिलेलं असतं, किंवा 'पेंटोड / ट्रायोड', किंवा नुसतंच 'हाय / लो'. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या डोक्यात एक कल्पना हमखास येते. गाणं चालू असताना ५० वर ठेवायचं आणि सोलो आला की १०० वर टाकायचं. आवाज दुप्पट! काम झालं!

कल्पना वाईट नाही. एका कंपनीने तर हे बटण चॅनेलला जोडून थेट वाजवणाऱ्याच्या पायाखाली आणून दिलं. पण त्यामागचं गणित वाटतं तितकं सरळ नाही, आणि ते बटण मुळात ज्या कामासाठी जन्माला आलं ते काम तर जवळजवळ उलटं आहे. हे नीट कळायला १९३९पासून सुरुवात करावी लागते. चहा घेऊन बसा.

आधी शब्दांचं बघू. अमेरिकन लोक ज्याला ट्यूब म्हणतात त्याला इंग्रज व्हॉल्व्ह म्हणतात, आणि आपणही व्हॉल्व्हच म्हणत आलो. आजोबांच्या घरचा तो लाकडी रेडिओ आठवा. बटण फिरवल्याबरोबर आवाज यायचा नाही. आधी आत नारिंगी उजेड, मग थोडी घरघर, आणि मग कुठे रेडिओ सिलोन. युरोपीय बनावटीच्या बऱ्याच रेडिओंत स्पीकर हलवण्याचं शेवटचं काम करायचा तो ईएल-८४ नावाचा व्हॉल्व्ह. बीटल्सच्या व्हॉक्स एसी-३० या अ‍ॅम्पमध्येही तोच होता, फक्त एकाऐवजी चार. म्हणजे रॉक संगीताची ही सगळी भानगड आपल्या दिवाणखान्यातल्या रेडिओची चुलत भावंडं आहेत.

तर १९३९. त्या काळच्या बिग बँडमध्ये गिटार होती, पण असून नसल्यासारखी. डझनभर तुताऱ्या, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्यापुढे लाकडी खोक्यावरच्या सहा तारांचं काय चालणार? गिटारवाला कोपऱ्यात बसून ताल धरायचा, सोलो इतरांचे. त्या वर्षी चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण बेनी गुडमनच्या चमूत आला. त्याच्याकडे गिब्सनची ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार होती आणि तिच्यासोबत साधारण १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प. १५ वॅट म्हणजे आज घरात सराव करायला घेतात तेवढा. पण तेवढ्यावर गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलू लागली. सोलोचा आवाज वाढवण्याची पहिली युक्ती म्हणजे खुद्द वीज, असं म्हणायला हरकत नाही. ख्रिश्चन १९४२ साली क्षयाने गेला, अवघा २५ वर्षांचा असताना. एवढ्या थोड्या वेळात त्याने गिटारवाल्याला कोपऱ्यातून उठवून पुढे आणून उभं केलं.

पुढची पंधरा-वीस वर्षं सगळ्यांचा प्रश्न एकच होता, अजून आवाज. आणि तो सोडवायला बसलेला मुख्य माणूस होता कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा लिओ फेंडर. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, हे मला फार आवडतं. (जो प्रॉडक्ट बनवतो त्याने तो स्वतः वापरलाच पाहिजे असं मीटिंगमध्ये ठासून सांगणाऱ्यांना हे उदाहरण ऐकवावं.) त्याच्या लेखी अ‍ॅम्पचं काम स्वच्छ होतं: तारेवर जे वाजेल तेच, फक्त मोठं. आवाज फाटला तर तो दोष. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की हा ट्रान्सफॉर्मर मोठा करायचा, स्पीकर बदलायचा, व्हॉल्व्ह वाढवायचा. डिक डेल नावाच्या सर्फ गिटारवाल्याने बाल्बोआच्या रांदेव्हू बॉलरूममध्ये त्याचे इतके अ‍ॅम्प आणि स्पीकर जाळले की शेवटी लिओने खास त्याच्यासाठी दणकट अ‍ॅम्प रचला. टेस्टिंगला असा माणूस मिळणं हे भाग्य!

पण लिओ ज्याला दोष समजत होता तोच दोष काही लोकांच्या कानाला गोड लागायला लागला होता. १९५१ साली आइक टर्नरचा चमू मेम्फिसला रेकॉर्डिंगसाठी निघाला. वाटेत गिटारवाल्या विली किझार्टचा अ‍ॅम्प बिघडला. दुरुस्त करायला वेळ नव्हता, म्हणून सॅम फिलिप्सने स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्ड केलं. ते गाणं म्हणजे 'रॉकेट ८८'. कित्येक जण त्याला रॉक अँड रोलचं पहिलं गाणं मानतात. १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर बिघाडाची वाटही पाहिली नाही, आपल्या छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडने स्वतःच फाडला.

कागद कोंबणं आणि ब्लेड मारणं हे जुगाड झाले. खरी गंमत व्हॉल्व्हच्या आत आहे. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त आवाज मागितला की तो ट्रान्झिस्टरसारखा एकदम कडेलोट करत नाही. तो हळूहळू हात टेकतो. लाटेचे डोंगर माथ्यावर चपटे होत जातात, मूळ सुराच्या पटीतले नवे सूर त्यात मिसळतात, आणि तारेचा आवाज लवकर न विझता लांबतो. गिटार गायला लागते. व्हायोलिनला, सारंगीला जे उपजत आहे ते गिटारला व्हॉल्व्हच्या थकव्यातून मिळालं.

आणि इथेच गोची आहे. व्हॉल्व्ह थकतो कधी? अ‍ॅम्प शेवटच्या टोकाला गेल्यावर. म्हणजे सगळ्यात सुंदर आवाज हवा असेल तर अ‍ॅम्प आधीच पूर्ण मोठा असतो. मग सोलो आला की वर जायचं कुठे? तुम्ही गच्चीवरच उभे आहात, आणि कोणीतरी म्हणतंय की आता वरच्या मजल्यावर जा.

याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना १९६६चा. लंडनमध्ये डेकाच्या स्टुडिओत जॉन मेयॉलच्या चमूचं रेकॉर्डिंग होतं, गिटारवर २१ वर्षांचा एरिक क्लॅप्टन. त्याच्याकडे मार्शलचा साधारण ४५ वॅटच्या जातीचा एक कॉम्बो होता. (त्याचा मॉडेल क्रमांक १९६२. साल नव्हे, क्रमांक. नावं ठेवण्याच्या बाबतीत हार्डवेअरवाले आपल्याही पुढे आहेत.) स्टुडिओतली तेव्हाची रीत अशी की अ‍ॅम्प बारीक ठेवायचा आणि मायक्रोफोन त्याच्या तोंडाशी. क्लॅप्टनने सांगितलं की मी कार्यक्रमात वाजवतो तसाच वाजवणार, मायक्रोफोन लांब न्या. ध्वनिमुद्रक गस डजन हैराण झाला. पण त्या रेकॉर्डवर जो जाड, लांबणारा आवाज उमटला तो पुढच्या पिढीला मापदंड झाला. अ‍ॅम्प टोकाला होता म्हणूनच तो तसा वाजला.

हा मार्शल अ‍ॅम्प आला कुठून? तर चक्क फेंडरच्या पोटातून. १९५०च्या दशकात बरीच वर्षं अमेरिकी वाद्यं इंग्लंडमध्ये मिळतच नव्हती, आणि नंतर मिळायला लागली तरी किमती ऐकून घाम फुटावा. हॅनवेलमध्ये जिम मार्शल या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. त्याने, केन ब्रॅनने आणि डडली क्रेव्हन या पोराने मिळून फेंडरचा बासमन अ‍ॅम्प उघडला आणि तसाच एक बनवला. साल १९६२-६३, नाव जेटीएम-४५. आराखडा जवळपास तोच, पण सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते, आणि स्पीकर बंद पेटीत. आजच्या भाषेत सांगायचं तर फोर्क मारला. गंमत म्हणजे मूळ बासमन बास गिटारसाठी होता! आणि फोर्क केलेल्या प्रतीने सगळं जग बदललं.

१९६५मध्ये द हू या बँडचा पीट टाउन्शेंड मार्शलच्या दुकानात येऊन म्हणाला की अजून मोठा हवा. मिळाला, १०० वॅटचा. मग म्हणाला की आठ स्पीकर एकाच पेटीत पाहिजेत. तेही बनवून दिलं. ते धूड उचलून न्यायचं कोणी? सामान वाहणाऱ्या पोरांची कंबर मोडायला लागली, तेव्हा त्याचे दोन तुकडे करून चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या एकावर एक ठेवल्या. रॉक म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी ती काळी भिंत अशी तयार झाली.

टाउन्शेंडला नावं ठेवण्याआधी त्या काळची परिस्थिती बघा. १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वाजवत होते. प्रेक्षक ५५ हजारांच्या वर. गिटारला व्हॉक्सचे १०० वॅटचे अ‍ॅम्प आणि गाण्याला स्टेडियममधले घोषणा करायचे भोंगे. चौघांना स्वतःचं वाजवणंही धड ऐकू येत नव्हतं. आज गिटारच्या अ‍ॅम्पपुढे मायक्रोफोन असतो आणि प्रेक्षकांपर्यंत आवाज न्यायचं काम हजारो वॅटची वेगळी यंत्रणा करते. तेव्हा मागच्या रांगेपर्यंत पोहोचायचं काम त्या अ‍ॅम्पलाच करावं लागायचं. शंभर वॅट ही चैन नव्हती, गरज होती. पुढे गरजेची चैन झाली आणि चैनीची स्पर्धा. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्ल्टन मैदानात द हूचा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला आणि गिनेस बुकात गेला. टाउन्शेंडच्या कानांचं पुढे काय झालं हे त्याने स्वतःच वारंवार सांगितलंय: ऐकू कमी येतं आणि कानात सतत शिटी वाजते. फक्त तो दोष त्या भिंतीपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनना जास्त देतो. (हा लेख हेडफोन लावून वाचणाऱ्या मंडळींनी आवाज दोन खुट्ट्या कमी करावा. हो, आत्ताच.)

आता डेसिबल निघालाच आहे तर ते गणित उरकून टाकू, कारण सगळी मेख तिथे आहे.

आपला कान वॅट मोजत नाही, पट मोजतो. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ५० चे १०० करा, ३ डेसिबल. ५ चे १० करा, तरी ३ डेसिबलच. आणि ३ डेसिबल म्हणजे किती? लक्ष दिलं तर कळतो एवढा फरक. 'अरे, थोडं वाढवलंस का?' एवढा. कानाला सरळ दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. १०० वॅटचा अ‍ॅम्प ज्याच्या दुप्पट मोठा वाजतो तो अ‍ॅम्प ५० चा नसून १० वॅटचा असतो. उगाच नाही छोटे १५ वॅटवाले ड्रमवाल्याला पुरून उरत. शिवाय स्पीकरची जात वेगळीच. एक वॅट दिल्यावर ९७ डेसिबल देणारा स्पीकर काढून १०० देणारा लावला, तर अ‍ॅम्पला हात न लावता वॅट दुप्पट केल्यासारखंच झालं.

म्हणजे सोलोच्या वेळी ५० वरून १०० वर गेलं तर मिळणार ३ डेसिबल. आणि तेही कधी? अ‍ॅम्प टोकाला गेला असेल तरच! खोलीत आवाज बारीक ठेवून अ‍ॅम्प ५ वॅटच देत असेल, तर १०० चा दरवाजा उघडा आहे की ५० चा याने फारसा फरक पडत नाही. रस्ता चारपदरी केल्याने सायकल जास्त वेगाने जात नाही, तसं.

साठच्या दशकातल्या वाजवणाऱ्यांनी हे गणित न मांडताच त्यावर उपाय शोधले होते. सगळ्यात साधा आणि माझ्या मते आजही सगळ्यात देखणा उपाय गिटारवरच होता. अ‍ॅम्प टोकाला ठेवायचा, पण गिटारवरची आवाजाची खुट्टी ६ किंवा ७ वर. ताल धरताना व्हॉल्व्हवर ताण कमी, आवाज बराच स्वच्छ. सोलो आला की करंगळीने खुट्टी १० वर. गच्चीवर जायचंय ना, मग आधी एक मजला खाली उभे राहा! हेंड्रिक्स हेच करायचा. क्वीनचा ब्रायन मे तर गिटार आणि एसी-३० यांच्यामध्ये बूस्टर कायमचा चालू ठेवतो आणि बाकी सगळा कारभार गिटारच्या खुट्टीवर चालवतो.

दुसरा उपाय म्हणजे हा बूस्टरच. १९६०च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये डॅलस रेंजमास्टर नावाची डबी आली. एक ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग. अमेरिकेत माइक मॅथ्यूजची गोष्ट आणखी गमतीची. त्याला एक सूर लांबवणारं यंत्र हवं होतं, ते बेल लॅब्जमधल्या बॉब मायर या इंजिनिअरने करून दिलं. गिटारचा संदेश अशक्त म्हणून मायरने पुढे एक छोटी डबी जोडली होती. मॅथ्यूजने उत्सुकतेने तिचं बटण दाबलं आणि अ‍ॅम्प गरजला. मूळ यंत्र बाजूलाच राहिलं, साठच्या दशकाच्या अखेरीस ही डबी एलपीबी-१ या नावाने बाजारात आली आणि त्याची इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही कंपनी उभी राहिली.

बूस्टरची मर्यादा मात्र तीच, गच्चीची. अ‍ॅम्पमध्ये जागा शिल्लक असेल तर आवाज वाढतो. अ‍ॅम्प आधीच भरला असेल तर बूस्टरने तो आणखी चपटा होतो, सूर आणखी लांबतो, पण मोठा होत नाही. कार्यक्रमात पायाने बटण दाबून, डोळे मिटून, मान मागे टाकून सोलो वाजवणारा आणि समोर कोणालाच तो ऐकू न येणारा गिटारवाला तुम्ही पाहिला असेलच. त्या बिचाऱ्याच्या कानाला आवाज जाड झालेला असतो, म्हणून त्याला वाटतं की वाढला. :)

सत्तरच्या दशकात वारं फिरलं. हॉलमधल्या ध्वनियंत्रणा सुधारल्या, आणि १०० वॅटचा अ‍ॅम्प टोकाला नेणं ही आता अडचण झाली. आता शर्यत उलट दिशेने लागली: तोच थकलेला आवाज, पण बारीक. एडी व्हॅन हॅलेनने आपल्या मार्शलला भिंतीतली वीज थेट न देता मध्ये व्हेरिअ‍ॅक लावला आणि व्होल्टेज अमेरिकेच्या नेहमीच्या ११०-१२० वरून ९०च्या आसपास उतरवलं. उपाशी अ‍ॅम्प लवकर थकतो. १९७८च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डने गिटारवाले चक्रावले. त्यांच्यात अफवा पसरली ती मात्र उलटी, की तो व्होल्टेज चढवतो. ती खरी मानून काहींनी आपले अ‍ॅम्प भाजून काढले.

बोस्टन बँडचा टॉम शोल्झ हा तर आपलाच माणूस. एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर, दिवसा पोलरॉइडमध्ये नोकरी, रात्री तळघरात रेकॉर्डिंग. १९७६मध्ये बँडची पहिली रेकॉर्ड तुफान खपली. पुढे १९८०च्या सुमारास त्याने 'पॉवर सोक' नावाचा डबा विकायला काढला. तो अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो आणि बहुतेक वॅट उष्णतेत घालवतो. अ‍ॅम्प बेभान, स्पीकर शांत, डबा गरम. इंजिनिअर असून इतका उधळा उपाय? पण चालतो, आणि या जातीचे डबे आजही विकले जातात.

तिसरी वाट खुद्द व्हॉल्व्हमधून जाते. थोडं मागे जाऊ. १९०६ साली ली द फॉरेस्टने तीन विद्युतअग्रांचा ट्रायोड बनवला. त्यात पुढे जाळ्या वाढत गेल्या आणि १९२६ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड टेलेगनने पाच अग्रांचा पेंटोड केला. तेवढ्याच विजेत जास्त आवाज, हा त्याचा फायदा. मार्शलचे ईएल-३४ आणि व्हॉक्सचे ईएल-८४ हे सगळे पेंटोड. पण पेंटोडची एक जाळी, स्क्रीन ग्रिड, तिच्या जागेवरून काढून प्लेटला जोडली की तो पुन्हा ट्रायोडसारखा वागायला लागतो. ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि आवाजाची वरची धार मऊ होते. १९८७ साली मार्शलच्या रौप्यमहोत्सवी १०० वॅटच्या अ‍ॅम्पवर असं अर्ध्या ताकदीचं बटण होतं. टेलेगनची सुधारणा एका खटक्यात मागे! आपल्याकडे याला रोलबॅक म्हणतात.

(चार व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधून दोन काढून ठेवायची जुनी युक्ती याच हेतूची. पण ती करताना स्पीकरच्या ओहमचं बटणही बदलावं लागतं, आणि त्या पेटीत ४००-५०० व्होल्ट असतात, वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसलेले. जाणकाराशिवाय पेटी उघडू नये.)

लक्षात आलं का? अर्ध्या ताकदीचं बटण आलं ते आवाज कमी ठेवून व्हॉल्व्हला लवकर थकवण्यासाठी. सोलो वाढवणं हा त्याचा हेतूच नव्हता.

आणि मग येतो कॅलिफोर्नियातला रँडल स्मिथ. १९६९च्या सुमारास त्याने गंमत म्हणून फेंडरच्या पिटुकल्या प्रिन्स्टन अ‍ॅम्पमध्ये बासमनच्या जातीचं मोठं यंत्र आणि १२ इंची स्पीकर बसवला. बाहेरून खेळणं, आतून राक्षस. कार्लोस सँटानाने तो दुकानात वाजवून पाहिला आणि ही छोटी वस्तू भलतीच 'बूगी' करते म्हणाला. कंपनीचं नाव ठरलं, मेसा-बूगी. स्मिथची खरी करामत नंतरची. त्याने अ‍ॅम्पच्या पुढच्या भागात आवाज फाडण्याचे टप्पे एकामागे एक लावले आणि शेवटी मास्टर व्हॉल्यूम ठेवला. आता थकवा पुढे, ताकद मागे, दोन्ही वेगवेगळ्या खुट्ट्यांवर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ताल आणि सोलो हे दोन वेगळे चॅनेल पायाने बदलता येऊ लागले. सोलोचा प्रश्न म्हणाल तर खरं तिथेच बराचसा सुटला.

पण स्मिथ थांबणाऱ्यातला नव्हता. २००४च्या लोन स्टार अ‍ॅम्पमध्ये प्रत्येक चॅनेलला वेगळी ताकद लावता येते, ५० किंवा १००. २००९च्या मार्क फाइव्हमध्ये तीन चॅनेल, आणि प्रत्येकाला १०, ४५ किंवा ९० वॅट. चॅनेल बदललं की आतले रिले ताकदही बदलतात. झालं की मग! ताल ४५ वर, सोलो ९० वर, पायाच्या एका दाबात. लेखाच्या सुरुवातीची कल्पना साकार!

अं... थोडं थांबा. जास्त ताकद म्हणजे व्हॉल्व्हला जास्त मोकळी जागा. म्हणजे सोलो ९० वर टाकला तर तो ३ डेसिबल मोठा होईल, पण जास्त स्वच्छ, जास्त ताठही होईल. आणि ताल ४५ वर, म्हणजे तो लवकर फाटणार. सोलोत जो थकवा हवा तो तालाला मिळाला, आणि तालात जो स्वच्छपणा हवा तो सोलोला! म्हणून या अ‍ॅम्पवर बरेच जण नेमकं उलट करतात. स्वच्छ चॅनेल ९० वर, कारण स्वच्छ आवाजाला जागा लागते, आणि सोलोचा चॅनेल ४५ वर, कारण तिथे व्हॉल्व्हने हात टेकलेलेच बरे वाटतात. मग दोघांच्या आवाजाचा तोल मास्टर खुट्टीने साधायचा.

याचा सज्जड पुरावा अ‍ॅम्पच्या तोंडावरच आहे. लोन स्टार घ्या की मार्क फाइव्ह, दोन्हींवर 'सोलो' नावाची एक वेगळी खुट्टी आहे. ती म्हणजे पायाने चालू होणारा दुसरा मास्टर व्हॉल्यूम, बाकी काही नाही. ताकदीची बटणं एवढी कौतुकाने बनवणाऱ्या माणसाने सोलोसाठी ती पुरेशी मानली नाहीत.

ज्यांच्या अ‍ॅम्पवर अशी खुट्टी नाही, त्यांनी बूस्टर गिटारनंतर न लावता अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये लावावा. तिथे तो फाडण्याचे टप्पे ओलांडल्यावर येतो, त्यामुळे आवाज जाड न होता मोठा होतो. अर्थात मागच्या व्हॉल्व्हना जागा शिल्लक असेल तर. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मधले सूर थोडे वाढवायचे. आपला कान सगळे सूर सारखे ऐकत नाही हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच मोजून ठेवलंय. काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो सगळ्यात तल्लख असतो. तिथे दिलेले ३ डेसिबल सगळीकडे दिलेल्या ३ डेसिबलपेक्षा जास्त उपयोगी पडतात. रेंजमास्टरच्या डबीचं निम्मं यश हेच होतं. ती सगळा आवाज नाही, वरचा आवाज वाढवायची. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, सोलो चालू असताना दुसऱ्या गिटारवाल्याने आपली खुट्टी थोडी मागे घ्यायची. याला पैसे पडत नाहीत, फक्त ते फारसं कुठे घडताना दिसत नाही.

हल्ली हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. व्होल्टेज उतरवणं, थकवा, व्हॉल्व्हची जात, सगळं पडद्यावरचे आकडे. सोलोला ३ डेसिबल हवे असतील तर ३ टाइप करा. तरीही व्हॉल्व्ह संपलेले नाहीत. ते आता मुख्यतः स्लोव्हाकिया, चीन आणि रशियात बनतात. रशियातला मोठा कारखाना सारातोव शहरात आहे. मार्च २०२२मध्ये युद्धानंतर रशियाने निर्यातीवर जी बंदी घातली तीत व्हॉल्व्हही सापडले, आणि जगभरचे गिटारवाले दुकानांत जाऊन ईएल-३४ची साठेबाजी करू लागले. काही आठवड्यांनी वाट पुन्हा मोकळी झाली, पण किमती वाढल्या त्या वाढल्याच. तो सारातोवचा कारखाना कोणाचा? माइक मॅथ्यूजचा. तोच, साठच्या दशकातला डबीवाला. त्याची एलपीबी-१ आजही विकायला आहे, आणि तिच्यावर अजूनही एकच खुट्टी आहे.